जोतिबा डोंगर: जोडीनं चालत चढलो आणि हट्टानं चालतच उतरलो

पेठेतला
सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत, पाणी निवेपर्यंत उठता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षं झाली. लग्नानंतर आठवड्याभरात घरच्यांनी जोडीनं जोतिबाला धाडलं होतं. कोल्हापुरातल्या निम्म्या जोड्यांना धाडतात तसंच. वडापच्या जीपमध्ये चौदा माणसं. हिला पुढं ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, मी मागं शिडीला लोंबकळत. जोडीनं गेलो म्हणायचं, पण डोंगर येईपर्यंत मला हिचा फक्त अंबाडा दिसत होता. तेव्हा ही म्हणाली होती, एकदा चालत येऊया. त्याला पंचवीस वर्षं मी "पुढच्या वर्षी" म्हणत आलो. मधल्या काळात शंभर वेळा तरी गेलो असू, पण केर्लीवरनं गाडी काढायची, वर जायचं, नारळ, पेढे, की खाली.

यंदा मुहूर्त लागला. दुकान सोमवारी बंद असतं. काल रविवारी खेट्याची गर्दी होऊन गेली, आज डोंगर मोकळा असणार हा हिशोब.

सव्वासहाला पेठेतनं स्कूटर काढली. शिवाजी पुलावर पंचगंगेचं धुकं अंगावर आलं. वडणगे, निगवे करत कुशिऱ्याला. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि दिवा एकीलाही नाही. कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं होतं, त्याचा वास नाकात घेऊनच कुशिऱ्यात पोचलो. ओळखीच्या घरासमोर गाडी लावली आणि सात वाजून दहा मिनिटांनी चालायला लागलो.

चढ म्हणाल तर फार नाही. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या पुढंमागं, देऊळ साडेनऊशेच्या आसपास. म्हणजे चारशे मीटरच्या आतबाहेरचा खेळ. ऊन कोवळं होतं, माळाचं गवत पिवळं पडलेलं, मधेच एखादा पळस पेटल्यासारखा. ही एका लयीत चालते. मी पन्नास पावलं पळतो आणि दोन मिनिटं कंबरेवर हात ठेवून निसर्ग बघतो. तरी गायमुखाला दोघं एकदमच पोचलो, कारण ती माझ्यासाठी थांबत होती हे मला नंतर कळलं.

एक गोष्ट तेव्हा नुसती बघितली, तिचा अर्थ दुपारी लागला. वाटेवरच्या फुफाट्यात कालच्या खेटेकऱ्यांची पावलं उठली होती. अनवाणी, लहानमोठी, बोटं स्पष्ट दिसणारी. सगळी वर जाणारी. खाली येणारं एकही नाही.

गायमुखापासनं पायऱ्या. सव्वानऊला आम्ही देवळात. रांग नाही, धक्काबुक्की नाही, पुजाऱ्यांनी निवांत गुलाल लावला. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं देऊळ, मी लहानपणापासून बघतोय. पण त्याच्या काळ्या दगडावर सकाळचं तिरकं ऊन पडलेलं आज पहिल्यांदा बघितलं. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधलं. ग्वाल्हेरला राज्य करत होते, पण जीव इथं होता. यमाईला जाऊन आलो. मग पश्चिमेकडं तोंड करून बसलो, समोर पन्हाळा. ज्वारीची भाकरी, खर्डा, दही, बुक्कीनं फोडलेला कांदा.

इथपर्यंत सगळं झकास. इथून पुढं बिघडलं.

उतरायला लागलो तेव्हा पाऊण वाजला होता. वरनं ऊन, खालनं दगड, गवताच्या काड्यांवरनं पाय सरकतोय. अर्ध्या तासात उजव्या बुटाचा तळ पुढनं सुटला. चार पावलांत मागनंही सुटला. आठ वर्षांपूर्वी घेतलेले महागाचे ट्रेकचे बूट, मोजून दोनदा घातलेले! हिनं केसांचा रबर काढून तळ बांधला, तो दहा पायऱ्या टिकला. मग डावा गेला. पाणी संपलेलं. शेवटी बूट हातात घेऊन मोज्यावर उतरलो. मोजेही फाटले आणि मग अनवाणी. पाय ठेवायचा, उचलायचा, "चांगभलं" म्हणायचं. गायमुखाला दोन वाजले, कुशिऱ्यात सव्वातीन. म्हणजे चढायला दोन तास आणि उतरायला अडीच! तिथं उसाचा रस ग्लासावर ग्लास प्यायलो, किती ते मोजलं नाही.

माझा प्रश्न असा, की चढाबद्दल सगळे सांगतात. किती वेळ लागतो, दम लागतो का, पायऱ्या किती. उताराबद्दल कुणी का बोलत नाही?


झणझणीत खर्डा
सोमवार, रात्री १०:२०

भावा, देवानं खेटा करून घेतला तुझ्याकडनं! अनवाणी आणि तेबी सोमवारी. नाद खुळा.


मुळामुठेकाठची
सोमवार, रात्री १०:३४

वर्णन छान. आम्ही पुण्याचे, मार्चमध्ये कोल्हापूरला येणार आहोत. खेटा म्हणजे काय ते कुणी सांगेल का? आणि ही वाट आम्हाला जमेल का? दोघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे.


चौथा खेटा
सोमवार, रात्री ११:०५

ताई, सांगतो. माघात रविवारी जोतिबाला चालत जायचं, तेही अनवाणी, असे पाच रविवार. त्याला खेटे म्हणतात. पंचगंगेत अंघोळ करून रात्रीच निघायचं आणि उजाडायला डोंगरावर. कथा अशी, की रत्नासुराला मारून देवाचं इथलं काम झालं, देव परत हिमालयात केदाराला निघाला. तेव्हा करवीरची अंबाबाई अनवाणी डोंगरापर्यंत चालत आली आणि त्याला थांबवलं. तिच्या पावलांवर आपण चालायचं. म्हणून अनवाणी.

धागाकर्त्याला एकच सांगणं. आमचे आजे-पणजे बूट, टोपी, पाण्याची बाटली काही न घेता जात होते. देवाला जाताना पायात काय आहे याची एवढी चर्चा कशाला? श्रद्धा असली की पाय भाजत नाहीत.


पेठेतली
सोमवार, रात्री ११:३०

नमस्कार. मी या धाग्यातली "ही". आज खास यासाठी खातं उघडलं.

ह्यांनी लिहिलंय ते खोटं नाही, पण मधले साडेतीन तास गाळलेत. आम्ही सव्वानऊला वर, दर्शन, यमाई, भाकरी उरकून साडेदहाला मोकळे. मी म्हटलं, अहो, ऊन चढायच्या आत निघूया. तर ह्यांना चहा पाहिजे. चहा झाला तर पेढे घ्यायचे. पेढे झाले तर झाडाखाली "पाच मिनिटं" पाठ टेकायची. ते पाच मिनिटं बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत चालले. मी तेवढ्यात शेजारी बसलेल्या निपाणीच्या आजींकडून वांग्याच्या भरताची एक नवी रीत शिकले, त्यांच्या नातीचं लग्न कुठं ठरलंय तेही कळलं.

पाणी संपलं कारण दोन बाटल्यांपैकी एक तोंडावरचा गुलाल धुण्यात गेली. टोपी संपली नव्हती, ती स्कूटरच्या डिकीत होती. मी हातात दिली होती, "डोकं गरम होतं" म्हणून ह्यांनी परत आत टाकली.

आणि पावलांचं मी वर जातानाच बोलले होते, की बघा, कुणी उतरलेलं दिसत नाही. तर म्हणाले, वाऱ्यानं पुसली असतील. वारा काय फक्त उतरणारी पावलं पुसतो?

बुटाबद्दल उद्या लिहीन. बादलीतलं पाणी बदलायचं आहे.


झणझणीत खर्डा
सोमवार, रात्री ११:३३

वहिनी आल्या!! दादा, संपलं तुमचं.


भूगोलाचा तास
मंगळवार, सकाळी ७:१५

वहिनींच्या हिशोबाला एक दुजोरा. बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर, असं आपण धरून चालतो. पण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडे तेहतीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. फेब्रुवारीच्या मध्यात त्यात आणखी चौदा मिनिटांची भर पडते, कारण वर्षभर सूर्य घड्याळाबरोबर तंतोतंत चालत नाही. म्हणजे कोल्हापूरची खरी माध्यान्ह या दिवसांत पाऊण वाजून दोनेक मिनिटांनी. दादा उतरायला लागले नेमके त्या क्षणी. पंचांग बघून निघाले असते तरी इतकं अचूक जमलं नसतं.

दुसरं असं, की कुशिऱ्याची बाजू डोंगराच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे हा उतार सूर्याकडे तोंड करून असतो. सकाळी तेच कोवळं ऊन तुम्हाला गोड लागलं. दुपारपर्यंत तोच दगड तापून बसलेला असतो, आणि काळा पाषाण हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. वारा असतो म्हणून अंगाला कळत नाही, घाम जागच्या जागी सुकतो.


चौथा खेटा
मंगळवार, सकाळी ८:०२

सर, तुम्ही माझ्या श्रद्धेच्या मुद्द्याला सोयीस्कर बगल दिली.


भूगोलाचा तास
मंगळवार, सकाळी ८:१०

बगल नाही दिली. तुमचे आजोबा रात्री निघायचे असं तुम्हीच लिहिलंत. मग त्यांचा पाय तापलेल्या दगडावर पडला कधी?


निगव्याची लेक
मंगळवार, सकाळी ९:४०

या वादात माझ्या आजीला आणते. ती आता नाही, पण सलग कितीतरी वर्षं तिनं खेटे केले. आमचं घर वाटेवरच, त्यामुळे माघातल्या शनिवारी रात्रभर ओट्यावर कंदील असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा.

आजी दोनला निघायची. उजाडायला वर. दर्शन, नैवेद्य, मग देवळाच्या आवारात सावली बघून पदर तोंडावर घेऊन झोपायची. दुपारी कुणी कितीही घाई केली तरी उठायची नाही. सावल्या लांब व्हायला लागल्या, चार वाजून गेले, की मग उतरायची. उतरायला वेळ लागला तरी अंधाराच्या आत निगव्यात. तेव्हा प्रत्येकाला गाडी कुठली? चालत गेलेला माणूस चालतच यायचा. आता चढून झालं की बस नाहीतर वडाप, नाहीतर पोरगा गाडी घेऊन वर आलेला असतो. म्हणून खाली येणारी पावलं दिसत नाहीत, आणि म्हणूनच उताराबद्दल सांगणारं कुणी उरलं नाही. दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी हेच वाटतं.

चौथा खेटा, तुमचा राग समजतो. पण आजी अनवाणी जायची ती डोळे उघडे ठेवून. "दगडाला आपली भक्ती कळत न्हाई, त्याला ऊन कळतं," हे तिचंच.


चौथा खेटा
मंगळवार, सकाळी १०:१५

आजींना नमस्कार. हे आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी मी अकराला उतरायला लागलो आणि अर्ध्यातनं वडाप धरलं, हे इथं लिहायचं नव्हतं, पण आता लिहितो.


सांधेजोड
मंगळवार, दुपारी १:२०

दवाखान्यात जेवणाची सुट्टी आहे, तेवढ्यात लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेट्यांच्या दिवसांत सोमवार-मंगळवारी माझ्याकडे मांड्या धरून येणाऱ्यांची रांग असते.

चढताना स्नायू आखडत आखडत काम करतो, दम लागतो, छाती सांगते की थांब. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत तुमचं वजन झेलतो, म्हणजे ब्रेक लावत असतो. त्यात दम लागत नाही, म्हणून माणसाला वाटतं सोपं आहे. पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते ती या ब्रेक लावण्यात. दुखणं त्या दिवशी फारसं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिखर गाठतं. दादा, तुम्ही काल बादलीत पाय घालून बसला होतात, पण खरी मजा उद्या आहे. पायऱ्या उतरताना कळेल. लोक याला लॅक्टिक अॅसिड म्हणतात. ते तर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं.

पायऱ्या उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तीनेक पट भार येतो. त्यामुळे पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही, आणि हातात काठी. काठीची लाज वाटत असेल तर शेतकऱ्याकडे बघा, तो माळावर काठीशिवाय जात नाही. बूट असतील तर उतरण्याआधी नाडी घोट्याजवळ घट्ट करायची, नाहीतर बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात.

पुण्याच्या ताई, साठीत ही वाट जमते, माझ्याकडचे कितीतरी पेशंट करतात. आधी महिनाभर घराचे जिने उतरायचा सराव करा. चढायचा नव्हे, उतरायचा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर चढून जा आणि खुशाल बसनं उतरा, त्यात कमीपणा नाही. पाणी माणशी दोन लिटर तरी. आणि नुसतं पाणी नको. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डायबिटीस किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं सुरू झालं की सावली, पाणी, कपडे सैल. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपायला लागली तर ते साधं ऊन लागणं नव्हे. अंगावर पाणी ओतून वारा घालत सरळ दवाखाना गाठायचा.


झणझणीत खर्डा
मंगळवार, दुपारी १:४१

असंबद्ध बोलणं हे लक्षण दादांच्या बाबतीत ओळखायचं कसं, वहिनी?


पेठेतली
मंगळवार, दुपारी २:०५

नेहमीपेक्षा कमी बोलायला लागले की समजते.

आता बूट. ते आठ वर्षं माळ्यावर, खोक्यात, वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून. चार पावसाळे तर मी स्वतः त्या खोक्यावरची बुरशी पुसलीय. निघायच्या आधी आठवडाभर म्हणत होते, जरा रंकाळ्याला घालून फिरून या. तर म्हणाले, "नवेच आहेत, काय व्हायचंय?" मी माझी रोजची, चालायला जाते ती कापडी पायताणं घालून गेले. शंभर रुपये कमीच पडली असतील ह्यांच्या नाडीपेक्षा. एक ओरखडा नाही.


चप्पल लाईन
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

वहिनी, यात दादांचा निम्माच दोष. धंदा चामड्याचा असला तरी दुरुस्तीला बूट येतात, त्यामुळं माहितीय. असल्या बुटांच्या तळात मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, फोमसारखा. तो हवेतली ओल शोषतो आणि आतनं विघटतो. वापरला नाही तरी. उलट पडून राहिलेला जास्त, कारण चालताना दाबला जाऊन त्यातली ओल बाहेर पडते, ती पडत नाही. पाच-आठ वर्षांत वरनं कोरा करकरीत आणि आतनं चुरा. आपल्याकडचा पावसाळा आणि वरनं प्लास्टिकची पिशवी, म्हणजे ओल कोंडूनच ठेवली की. ओळखायची खूण सोपी: अंगठ्यानं मधला थर दाबा, बारीक भेगा दिसल्या किंवा भुसा हाताला लागला तर त्या बुटाला डोंगर दाखवू नका.

आता कुणीतरी विचारणारच, कोल्हापुरी घालून चढावं का? आपल्या चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे, चार पैसेही त्यावरच मिळतात. पण खरं सांगतो, नुसत्या चामड्याच्या तळाची चप्पल वाळल्या गवतावर बर्फासारखी सरकते. टायरचा तळ मारून घेतलेली असेल तर दगडावर धरते. तरी उताराला अंगठ्यावर सगळा जोर येतो, अंगठा सोलतो. कुठली घातली तर पायाला बसलेली, जुनी घाला. आजच घेऊन उद्या डोंगर असं करू नका, मग आमच्या नावानं ओरडता.


पेठेतला
मंगळवार, रात्री ९:१५

चप्पल लाईन, जीव भांड्यात पडला. निम्मा दोष तरी कमी झाला. वहिनीसाहेबांना हे मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी "उरलेला निम्मा कुणाचा?" एवढंच विचारलं.

निगव्याची लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी चुलत आजीही खेटे करायची, पण आम्ही पोरांनी तिला कधी विचारलं नाही की परत कशी येतेस. ती आली की पिशवीतला प्रसाद काढून घ्यायचा एवढंच कळायचं.

एक राहिलं. उतरताना अनवाणी झालो त्यानंतरचा पाऊण तास माझ्या डोक्यात अजून आहे. ही पुढं गेली आणि वाटेच्या कडेनं जिथं झुडपाची, धोंड्याची थोडी सावली असेल तिथं थांबून "इथं पाय टाका" असं दाखवत होती. सावलीच्या ठिगळावरनं ठिगळावर आम्ही उतरलो. दोघांत मिळून एक बाटली आणि तीत तळाला घोटभर पाणी. ते मी प्यावं म्हणून ती म्हणाली की मला तहान नाही. मी प्यायलो. कुशिऱ्यात रसवाल्याकडं तिनं पहिला ग्लास एका दमात संपवला तेव्हा माझ्या लक्षात आलं.


निगव्याची लेक
मंगळवार, रात्री ९:३२

दादा, पुढच्या वेळी दोन बाटल्या दोघांच्या दोन वेगळ्या पिशव्यांत. आजीचा नियम नाही, माझा.


मुळामुठेकाठची
मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे खूप आभार. आमचं ठरतंय: पहाटे कुशिऱ्याहून चढायचं, सकाळी दर्शन, आणि मग बसने खाली. दुपारी वेळ उरला तर जवळपास बघण्यासारखं काही?


भूगोलाचा तास
मंगळवार, रात्री १०:१०

पोहाळ्याची लेणी. त्याच डोंगराच्या अंगाला, कुशिऱ्याच्या शेजारीच. दगडात कोरलेलं मोठं दालन आहे, खांब आहेत, आणि भर दुपारी आत गारवा. गावातले लोक पांडवांची म्हणतात, रचना बौद्ध विहाराची आहे. जोतिबाला वर्षातनं चार वेळा जाणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी नव्वद टक्के तिथं गेलेले नसतात (हा आकडा माझ्या वर्गातल्या पोरांनी वर केलेल्या हातांवरनं). दादांना दुपारी सावली पाहिजे होती तर ती तिथं होती.

चैत्र पौर्णिमेच्या आसपास मात्र येऊ नका, म्हणजे चालायचं असेल तर. तेव्हा सासनकाठ्या आणि गुलाल यांतनं वाट दिसत नाही. यात्रा बघायची असेल तर अवश्य या, तो वेगळा सोहळा आहे.


चौथा खेटा
बुधवार, सकाळी ७:४८

येत्या रविवारी पाचवा. शनिवारी रात्री एकला गंगावेशीतनं निघणार, अनवाणीच. वर गेल्यावर सावलीत झोपणार आणि चारनंतर चालत उतरणार. पिशवीत साखर-मिठाचं पाणी असेल. कुणी येणार असेल तर सांगा.


चप्पल लाईन
बुधवार, सकाळी ८:३०

मी आहे. अनवाणी. धंद्याचं नाव त्या दिवशी घरी ठेवतो.


निगव्याची लेक
बुधवार, सकाळी ८:५५

ओट्यावर चहा ठेवते. कंदील गेला, आता बल्ब आहे, पण रात्रभर चालू असतो. त्या खुणेवर थांबा.


सांधेजोड
बुधवार, दुपारी १:१०

दादा, आज तिसरा दिवस. कसे आहात?


पेठेतला
बुधवार, दुपारी १:३०

ठीक आहे. किंचित जडपणा. काळजी करण्यासारखं काही नाही.


पेठेतली
बुधवार, दुपारी १:३४

सकाळी दुकानाच्या तीन पायऱ्या पाठमोरे उतरले, कठडा धरून, प्रत्येक पायरीला "चांगभलं" म्हणत. समोरच्या पानवाल्यानं हात जोडले. व्हिडिओ आहे. टाकू का?


पेठेतला
बुधवार, दुपारी १:३५

अगं नको.


झणझणीत खर्डा
बुधवार, दुपारी १:३५

टाका वहिनी.


चौथा खेटा
बुधवार, दुपारी १:३६

टाका.


भूगोलाचा तास
बुधवार, दुपारी १:३८

अभ्यासाच्या दृष्टीनं टाकावा.